उजेड जातो कुठे?

गाडीची हेडलाइट पिवळी पडत असते तेव्हा ते कुणाच्याच लक्षात येत नाही, आणि रोज ती गाडी चालवणाऱ्याच्या तर सगळ्यात शेवटी येतं. बल्ब उडाला तर त्याच रात्री कळतं. चाकातली हवा गेली तर स्टिअरिंग सांगतं, ब्रेक झिजले तर कान सांगतात. हेडलाइटची काच मात्र वर्षानुवर्षं, रोजच्या उन्हात, इतकी सावकाश धुरकट होत जाते की कालच्यापेक्षा आज कमी दिसतंय असं म्हणायची वेळ एकाही रात्री येत नाही. शिवाय आपला डोळा फार जुळवून घेणारा. उजेड निम्म्यावर आला तरी त्याला तो निम्मा वाटत नाही, थोडा मंद वाटतो. मग आपण नकळत सीटवर जरा पुढे सरकून बसतो, वेग आवरता घेतो, हाय बीम जास्त वेळा वापरायला लागतो, आणि हल्ली रस्त्यांवर अंधार फार असतो असं म्हणून मोकळे होतो.

एएए या अमेरिकेतल्या वाहनचालकांच्या संघटनेने २०१८ मध्ये जुन्या, पिवळ्या पडलेल्या हेडलाइट तपासून पाहिल्या. नव्या दिव्याच्या तुलनेत त्या जेमतेम एक पंचमांश उजेड टाकत होत्या. हे वाचलं आणि मी तिथेच थांबलो. पाचातले चार भाग गेले, आणि चालवणाऱ्याला पत्ताही नाही. बल्ब तेवढाच जळतोय, बॅटरी तेवढीच वीज पुरवतेय. मग हा उजेड जातो कुठे?

या प्रश्नाने मला धरून ठेवलं. माझ्या गाडीच्या काचा घासायला मी बसलो तो त्याच्यामुळे. गाडीचं रूप पालटतं हे खरं, दहा वर्षांची गाडी एकदम ताजीतवानी दिसायला लागते आणि ते बघायला मलाही आवडतं. पण ते दुय्यम.

थोडा उजेड त्या पिवळ्या थरातच मुरतो. त्यातही निळ्या रंगाचा भाग जास्त, म्हणून तर काच पिवळी दिसते. थोडा उलट फिरून दिव्याच्या पोटात राहतो. उरलेला बाहेर पडतो, पण जायचं तिथे जात नाही. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. पृष्ठभागावर त्याच मापाचे किंवा त्याहून मोठे खड्डे, चिरा, उकललेले पापुद्रे असले की प्रत्येक ठिकाणी किरण थोडा थोडा वाट सोडतो. दूरच्या डांबरावर पडायचा उजेड झाडांच्या शेंड्यांकडे जातो, आभाळाकडे जातो, आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

हे शेवटचं मला सगळ्यात जास्त लागलं. हेडलाइटचं काम उजेड टाकणं आहे, हे आपण धरून चालतो. लो बीमचं अर्धं काम उजेड न टाकण्याचं आहे. दिव्यातली परावर्तक वाटी किंवा भिंगवाल्या, म्हणजे प्रोजेक्टर दिव्यातली छोटीशी पत्र्याची पट्टी अशी घडवलेली असते की एका आडव्या रेषेच्या खाली भरपूर उजेड पडावा आणि वर शक्य तितका कमी. रेषेच्या वर समोरच्याचे डोळे असतात. ती रेषा साधण्यासाठी कुणीतरी वाटीचा प्रत्येक वळसा गणिताने बसवलेला असतो. मग पुढचं पारदर्शक आवरण धुरकट होतं आणि ते सगळं गणित पुसून टाकतं. गाडीच्या मालकाला कमी दिसतं आणि त्याच वेळी समोरच्याला जास्त टोचतं, असा हा दुहेरी तोटा आहे.

माझे वडील सत्तरीकडे आले तशी त्यांनी रात्रीची गाडी चालवणं हळूहळू सोडलं. एकदा बाजूला बसलेले असताना मी विचारलं, "बाबा, दिसत नाही का नीट?" ते म्हणाले, "रस्ता दिसतो रे. पण समोरून गाडी आली की सगळं पांढरं होतं, आणि ती गेल्यावरही थोडा वेळ तसंच राहतं." वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पूर्वीइतकं नितळ राहत नाही, आत येणारा उजेड ते आतल्या आत पसरवतं. त्यामुळे एका तीव्र ठिपक्याभोवती पांढरा पडदा तयार होतो आणि त्या पडद्यामागे गडद कपडे घालून चाललेला माणूस हरवतो. चकाकीतून सावरायलाही वयस्कर डोळ्यांना जास्त वेळ लागतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर अंतर कापते. चालकाला प्रतिसाद द्यायला दीड सेकंद लागला आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेक चांगले लागले, तरी ती थांबेपर्यंत पासष्ट-सत्तर मीटर गेलेले असतात. त्यातला एखादा सेकंद पांढऱ्या पडद्यात गेला तर आणखी बावीस. माझ्या काचेतून सुटलेला किरण अशाच कुणाच्या बाबांच्या डोळ्यांत जात असेल, हे मनात आल्यावर काम पुढे ढकलणं जमेना.

आपण ज्याला काच म्हणतो ते बहुतेक गाड्यांत आता पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. जर्मनीत बायर कंपनीत हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल फॉक्स, दोघांनी १९५३ मध्ये एकमेकांचं काम ठाऊक नसताना हा पदार्थ तयार केला. मॅक्रोलॉन आणि लेक्सान ही त्याची बाजारातली नावं. आघात झेलण्यात हा पदार्थ विलक्षण आहे: चंद्रावर गेलेल्या अपोलो मोहिमांतल्या अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाचा गोल पारदर्शक घुमट पॉलिकार्बोनेटचा होता. वजन खऱ्या काचेच्या निम्म्याहून कमी, आणि साच्यात ओतून हवा तो आकार देता येतो. अमेरिकेत १९४० पासून कितीतरी वर्षं ठरावीक मापाचे, काचेचे, सीलबंद दिवेच बसवावे लागत. १९८३ मध्ये नियम बदलला, बल्ब बदलता येणारे दिवे चालू लागले आणि गाडीच्या चेहऱ्याप्रमाणे वळलेल्या प्लास्टिकच्या काचांना मोकळं रान मिळालं. उडालेला दगड लागून फुटणारी, जड, सपाट काच गेली. त्या बदलाबद्दल माझी तक्रार नाही. धडकेत काचेचे सुरे उडण्यापेक्षा हे चांगलंच.

फक्त या पदार्थाला दोन गोष्टी सोसत नाहीत. एक ओरखडा, आघाताला कणखर असलेलं पॉलिकार्बोनेट ओरखड्याला फार मऊ आहे. दुसरी अतिनील किरणं. सूर्यप्रकाशातल्या ३०० नॅनोमीटरच्या आसपासच्या किरणांत एवढी ऊर्जा असते की त्यांनी रेणूंच्या लांब साखळ्यांतले बंध मोडतात, अणूंची मांडणी बदलते, हवेतला ऑक्सिजन येऊन जोडला जातो. या नव्या संयुगांना निळा प्रकाश शोषायची खोड असते. इथूनच पिवळेपणा येतो. मोडलेल्या साखळ्यांमुळे पृष्ठभाग ठिसूळ होतो आणि त्याला बारीक बारीक तडे जातात. तिथून धुरकटपणा.

कारखान्यात हे माहीत असतं, म्हणून काचेवर एक कडक पारदर्शक लेप चढवलेला असतो, ॲक्रिलिकचा किंवा सिलिकॉनच्या जातीचा, केवळ काही मायक्रॉन जाडीचा. ओरखडे तो झेलतो आणि त्यातली रसायनं अतिनील किरणं अडवतात. अडवता अडवता ती संपत जातात. आपल्याला दिसणारी पिवळी, खरखरीत, पापुद्रे सुटलेली काच म्हणजे बहुतांशी हा संपलेला लेप. खालचं दोन-तीन मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक बऱ्याचदा अजून ठणठणीत असतं. सगळी दुरुस्ती याच एका वस्तुस्थितीवर उभी आहे.

खराबी सगळीकडे सारखी नसते, आणि ती नीट बघण्यात मला फार रस वाटतो. आभाळाकडे तोंड केलेला वरचा उतार आधी जातो, खालची कड कितीतरी वर्षं स्वच्छ राहते. गाडी रोज एकाच दिशेला तोंड करून उभी राहत असेल तर डावी-उजवी काचही वेगवेगळी म्हातारी होते. ऊन कुठून येतं याची नोंदच तिथे लिहिलेली असते. झाकलेल्या जागेत किंवा कापडी आवरणाखाली राहणाऱ्या गाडीच्या काचा म्हणूनच अधिक टिकतात. बल्बमुळे काच आतून पिवळी होते असा एक समज आहे. हॅलोजन बल्बच्या नळीतच अतिनील किरणं अडवणारी काच वापरतात, आणि प्लास्टिकच्या दिव्यांसाठी मान्य असलेल्या बल्बवर तशी 'यू' ही खूणही असते. खरा अपराधी बाहेरचा सूर्य.

घासायला घेण्याआधी एक तपासणी करावीच. काचेवर पाणी ओतायचं आणि ओली असतानाच तिच्याकडे बघायचं. धुरकटपणा निघून काच आरपार दिसू लागली, तर खराबी बाहेरच्या पृष्ठभागावर आहे आणि हाताने काढता येईल. ओली होऊनही ती तशीच ढगाळ राहिली, तर गोष्ट वेगळी: आतल्या बाजूला वाफ बसली असेल, धूळ असेल, किंवा तडे प्लास्टिकच्या खोलात गेले असतील. आतली वाफ घासून जात नाही. तिच्यासाठी दिव्याची हवा खेळायची नळी तुंबली आहे का, मागचं रबरी झाकण नीट बसलं आहे का, सील सुटलं आहे का हे बघावं लागतं. आणि आतल्या परावर्तक वाटीची चकाकी करपून काळी पडली असेल तर बाहेरून काहीही केलं तरी उपयोग नाही, दिवा बदलायला हवा.

पाण्याने काच स्वच्छ का दिसते, हे समजलं तेव्हा मला अख्खं काम समजलं. हवेतून प्लास्टिकमध्ये शिरताना किरण वळतो कारण दोन्हींचे अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळेल ते सांगणारे आकडे, वेगळे आहेत, हवेचा १ आणि पॉलिकार्बोनेटचा १.५८. प्रत्येक ओरखडा म्हणजे हवा आणि प्लास्टिक यांच्यातली एक वेडीवाकडी सीमा. त्या ओरखड्यात १.३३ अपवर्तनांकाचं पाणी भरलं की दोन्ही बाजूंतला फरक कमी होतो, किरण कमी विचलित होतो, आणि वरून पाण्याचा सपाट थर तयार होतो. ओरखडा असतोच, पण उजेडाला तो जाणवत नाही. पाण्याऐवजी १.५ च्या आसपासचं, वाळून कडक होणारं काही भरता आलं तर? शेवटचा लेप नेमकं हेच करतो.

घरगुती उपायांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. टूथपेस्टने काच उजळते हे खरं, कारण तिच्यात दात घासण्यासाठी सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पूड असते आणि ती वरचा थोडा मळ आणि थोडा लेप घासून काढते. पण ती अपुरी आहे. संपलेल्या लेपाचा उरलासुरला भागही पातळ करून ती काच उघडी टाकते, आणि थोड्याच दिवसांत पिवळेपणा परततो. डास पळवायच्या औषधाने पुसणं त्याहून वाईट. त्यातलं डीईईटी हे द्रव्य लेप आणि प्लास्टिक विरघळवतं. वितळलेला पृष्ठभाग घटकाभर गुळगुळीत दिसतो, मग चिकट, भेगाळ होतो, आणि थेंब बाजूच्या रंगावर सांडला तर तोही जातो. गरम कपातून वाफ सोडून काच क्षणात लखलखीत करणारे संच विकले जातात. ते बघायला जादू वाटते, पण ती वाफ बहुधा क्लोरिनयुक्त द्रावकाची, फुप्फुसांना घातक असते, आणि काचेच्या अंगात ताण ठेवून जाते. पुढे तिथूनच जाळीदार तडे सुटतात. मला यातलं काहीच माझ्या गाडीजवळ नको.

मी घासतो ते वॉटर पेपरने, म्हणजे ओला करून वापरायच्या सँडपेपरने, पाण्याबरोबर, हाताने.

आधी साबणाच्या पाण्याने काच आणि आजूबाजूचा पत्रा धुवायचा, कारण वाळूचा एकच कण कागदाखाली सापडला तर तो कागदापेक्षा खोल ओरखडा काढतो. मग बंपर, बॉनेट आणि बाजूच्या रंगावर मास्किंग टेप, दोन थर. कडेला घासताना पहिला थर फाटतोच. काच उन्हाने तापलेली नसावी. कागद थोडा वेळ पाण्यात भिजवून ठेवायचा म्हणजे वळणावर मऊपणे बसतो.

सुरुवात ८०० नंबरच्या कागदाने; नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. लेप फारच उकललेला असेल तर ६०० ने. इथे मन घट्ट करावं लागतं. अर्धवट दिसणारी काच काही मिनिटांत पूर्ण पांढरी, आंधळी होते. आधी होती तीच बरी होती असं वाटायला लागतं. पण हाताखाली काय चाललंय त्याकडे लक्ष दिलं तर धीर येतो. सुरुवातीला कागद अडखळतो आणि पिवळसर गढूळ पाणी ओघळतं, ते लेपाचं. काचेवर नकाशातल्या बेटांसारखे डाग दिसू लागतात, कुठे लेप गेलेला, कुठे अजून चिकटलेला. बेटं लहान होत होत संपतात. ओघळणारं पाणी पिवळ्याचं दुधाळ पांढरं होतं, आणि कागदाचा आवाज बदलतो, खरखर जाऊन एकसारखी सळसळ येते. आता हाताखाली नुसतं प्लास्टिक आहे. हा टप्पा अर्धवट सोडला तर पुढच्या कुठल्याही कागदाने भरून निघत नाही. लेपाचा राहिलेला तुकडा चकाकीखाली पिवळा डाग म्हणून कायम दिसतो. वरची कड आणि बॉनेटकडचा कोपरा हात नीट पोचत नाही म्हणून हमखास राहतो. तिथे कागदाची लहान घडी करून, बोटाच्या टोकाने, वेळ घेऊन घासायचं. बाकी ठिकाणी बोटांनी दाबू नये, चर पडतात. मऊ स्पंजाच्या तुकड्यावर कागद गुंडाळला की दाब सारखा राहतो.

त्यानंतरचं सगळं काम म्हणजे आपणच काढलेले ओरखडे त्याहून बारीक ओरखड्यांनी पुसणं. ८०० नंबरच्या (पी ८०० असं लिहिलेल्या) कागदावरचा कण सरासरी २२ मायक्रॉनांचा असतो, १५०० चा बारा-तेरा, २००० चा दहाच्या आसपास, ३००० चा त्याहून कमी. आडवं घासलं असेल तर पुढच्या कागदाने उभं घासायचं, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. आणि दर वेळी काच पुसून, पूर्ण कोरडी करून, तिरक्या उजेडात बघायची. ओली काच आपल्याला खूश करते. ते ओरखडे भरलेल्या पाण्याचं काम आहे हे आता ठाऊक आहे. कोरडी काच खरं बोलते. एक जरी खोल चर मागच्या नंबरची दिसली तर मागच्या कागदाकडे परत. पुढच्या बारीक कागदाने ती घालवू म्हटलं तर दमछाक होते आणि ती तशीच राहते.

या कामाची मला ओढ वाटते ती याच भागामुळे. हात एका लयीत चालतात, पाणी ओघळत राहतं, डोळा आणखी आणखी बारीक बघायला शिकतो. सुरुवातीला नुसता पांढरेपणा दिसतो. काही वेळाने त्या पांढऱ्यातही जाडाभरडा आणि तलम असे प्रकार दिसायला लागतात, आणि १५०० नंतर कोरडी काच दुधाळ असूनही तिच्या पोटातला बल्ब अंधुक आकार घेऊन वर येतो.

२००० किंवा ३००० नंतर पॉलिशिंग कंपाउंड, म्हणजे घासून चकाकी आणणारी पेस्ट. त्यातले कण मायक्रॉनभर किंवा त्याहून बारीक होत जातात, ओरखडे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळ येतात, आणि काच एकदम उघडते. हाताने केलं तर खांदा भरून येतो. ड्रिलला स्पंजाचा पॅड लावला तर लवकर होतं, पण वेग कमी ठेवायचा आणि एका जागी थांबायचं नाही. पॉलिकार्बोनेट १४७ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं आणि फिरता पॅड कोरडा झाला की ती उष्णता यायला वेळ लागत नाही.

आता काच लखलखते, फोटो काढावा अशी. बहुतेक जण इथे थांबतात, आणि माझ्या मते सगळं काम इथेच वाया जातं. कारण आपण आत्ता काय केलंय? संपत आलेलं का होईना, जे संरक्षण होतं ते पूर्ण काढून टाकलंय. नितळ दिसणारी ही काच आधीच्या पिवळ्या काचेपेक्षा जास्त असहाय आहे. उघडं पॉलिकार्बोनेट थेट उन्हात. काही महिन्यांत पुन्हा तेच, आणि आधीपेक्षा लवकर. घासून केलं पण टिकलं नाही अशी तक्रार बरेच जण करतात. त्यांतल्या बहुतेकांच्या घासण्यात दोष नसतो, वरचा लेप राहिलेला असतो.

लेपाचे तीन मार्ग मला ठाऊक आहेत. हाताने पुसून लावायचे अतिनीलरोधक द्रव संचांत मिळतात. लावायला सोपे, थर पातळ, त्यामुळे टिकाऊपणा बेताचा. संचातला लहान कपडा न थांबता एका दिशेने, कडेपासून कडेपर्यंत फिरवावा लागतो, मागे फिरलं की पट्टा उमटतो. दुसरा मार्ग अतिनील किरणं अडवणाऱ्या पारदर्शक फिल्मचा, गाडीच्या रंगाला लावतात तशी पॉलियुरेथेनची. ती ओरखडेही झेलते आणि खराब झाली तर सोलून बदलता येते. वळणावर ताणून बसवायला सराव लागतो. काळपट किंवा रंगीत फिल्म मात्र कुठल्याही कारणाने नको, ती आपण एवढ्या कष्टाने मिळवलेला उजेड पुन्हा अडवते. तिसरा मार्ग दोन घटकांच्या क्लिअर कोटचा, म्हणजे पारदर्शक रंगाचा, ज्यात तो कडक करणारं हार्डनर मिसळून स्प्रे करतात. थर जाड, कडक, वर्षानुवर्षं टिकणारा. पण त्या हार्डनरमधली आयसोसायनेट नावाची रसायनं श्वासात गेली तर दमा जडू शकतो, धुळीचा साधा मास्क त्यांना अडवत नाही. योग्य मास्क, हातमोजे आणि मोकळी हवा नसेल तर हे काम गाड्या रंगवणाऱ्या कारागिराकडे द्यावं, फक्त घासून तयार केलेली काच त्याच्याकडे न्यावी. मेण हा लेप नव्हे. आठवड्यांत धुऊन जातं.

क्लिअर कोट देणार असाल तर आधीचं पॉलिशिंग लागतच नाही. ८०० किंवा १००० वर थांबलेल्या दुधाळ, खरबरीत काचेवर तो ओला लेप पसरतो आणि पांढरेपणा डोळ्यांदेखत विरतो, पाणी ओतल्यावर विरला होता तसाच. फरक एवढाच की हा वाळून तिथेच राहतो. त्याचा अपवर्तनांक प्लास्टिकच्या जवळचा, त्यामुळे ओरखडे उजेडापुरते नाहीसे होतात, आणि तेच ओरखडे लेपाला घट्ट धरून ठेवतात. हे पहिल्यांदा बघताना झालेला आनंद मला अजून होतो. लेपाआधी काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बोटाचा तेलकटपणा घालवायचा, मग तिला हात लावायचा नाही. ॲसिटोन किंवा थिनर इथे आणूच नये, पॉलिकार्बोनेटला त्यांनी तडे जातात.

रात्री गाडी सपाट जमिनीवर, भिंतीकडे तोंड करून, दहा मीटर मागे उभी करावी आणि लो बीम लावावा. हे मी दर वेळी करतो. धुरकट काचेमागून भिंतीवर नुसता उजेडाचा ढग पडतो, वर-खाली कसलाही भेद नसलेला. आता तिथे आडवी रेषा उमटलेली असते. रेषेखाली भिंतीचा प्रत्येक खडबडीतपणा दिसतो, आणि रेषेच्या वर अंधार असतो. खालच्या उजेडाइतकाच हा वरचा अंधार मी निरखतो, कारण समोरून येणाऱ्याच्या वाट्याला तोच येणार आहे. रेषा किती उंचीवर आहे तेही मोजायचं. बऱ्याच गाड्यांत दिव्यावर किंवा त्याच्या जवळ १% असा आकडा असतो: दहा मीटरवर रेषा दिव्याच्या मध्यापेक्षा दहा सेंटिमीटर खाली. जास्त वर असेल तर दिव्यामागचा स्क्रू फिरवून खाली आणायची. काच स्वच्छ झाल्यावर चुकीच्या कोनातला दिवा आधीपेक्षाही जास्त टोचतो. हॅलोजनसाठी घडवलेल्या वाटीत जास्त तेज म्हणून एलईडी बल्ब बसवले असतील तर ही रेषा बहुधा येतच नाही, कारण ती वाटी हॅलोजनच्या तारेच्या नेमक्या जागेसाठी वळवलेली असते. मी ते काढून मूळ बल्ब लावायला सांगेन.

घासलेला दिवा पूर्ण नवा होत नाही. २०१८ च्या त्याच तपासणीत घासून सुधारलेल्या दिव्यांचा उजेड नव्याच्या सुमारे सत्तर टक्क्यांपर्यंत परतला होता. एक पंचमांशावरून सत्तर म्हणजे फारच मोठी मजल, पण ज्याला रोज रात्री लांबचा, दिवे नसलेला रस्ता गाठायचा आहे त्याने नव्या दिव्याचा विचार जरूर करावा. खोल तडे गेलेली काच तर घासत बसूच नये.

आणि लेप दिल्यावर गाडी धुताना अधूनमधून वरच्या उताराकडे बघत राहावं. पाणी तिथे थेंबांत न राहता पसरायला लागलं, बोटाला किंचित खरबरीतपणा लागला, की पुसून लावायचा लेप संपत आलाय. त्याच आठवड्यात २००० चा कागद हलक्या हाताने फिरवून नवा लेप द्यायचा. पिवळेपणा दिसेपर्यंत थांबलं तर पुन्हा ८०० पासून सुरुवात.